मातीतले धन

लाकूड कुजते, तसा दगडही कुजतो. त्याचा आधी मुरूम होतो, मग माती. याला हजारो वर्षे लागतात. जिथे ऊन-पाऊस फार, तिथे दगड लवकर कुजतो.

दक्षिण चीनमध्ये जियांगशी प्रांत आहे. तिथल्या पुष्कळ टेकड्या ग्रॅनाइट दगडाच्या आहेत. या दगडात काही धातू अगदी थोडे असतात. त्यांना दुर्मिळ मृदा धातू म्हणतात. ते एकंदर १७ आहेत. दगड कुजला की ते सुटे होतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतात. वाटेत चिकणमाती त्यांना धरून ठेवते. १००० किलो मातीत एखादा किलो धातू असला, तरी पुष्कळ झाला!

ही माती १९६९ साली तिथे सापडली. विजेच्या मोटारीतल्या लोहचुंबकाला यांतले काही धातू लागतात. म्हणून मागणी वाढली.

मातीतून धातू काढायचे कसे? अमोनियम सल्फेटच्या पाण्याने. हो, शेताला घालतात तेच खत! अमोनियम मातीला चिकटते, धातू सुटून पाण्यात येतो.

पण डोंगर खणले, झाडे गेली. खताचे पाणी ओढ्यात उतरले. ओढे नासले.

धन काढावे, पण पाणी राखून. गेलेली माती लवकर परत येत नाही.

सांगा पाहू :
१. दगडाची माती कशी होते?
२. धातूंना कोण धरून ठेवते?
३. ओढे कशाने नासले?