बचतीतून हप्ता : कमी वीज लागणाऱ्या उपकरणांसाठी अर्थसाहाय्य

सामान्य कुटुंबे वीज वाचविणारी उपकरणे घेत नाहीत, याचे कारण अज्ञान होय, असे सरसकट मानण्याचा प्रघात आहे. तो फारसा बरोबर नाही. एलईडी बल्बला वीज कमी लागते, हे गावातील किराणा दुकानदारही सांगतो. अडचण असते ती पहिल्या दिवशी मोजाव्या लागणाऱ्या रकमेची. बचत महिन्यामहिन्याने हाती येते, किंमत मात्र एकरकमी द्यावी लागते.

५ जानेवारी २०१५ रोजी आरंभ झालेली व पुढे ‘उजाला’ या नावाने परिचित झालेली योजना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने बल्बची खरेदी मोठ्या निविदांद्वारे एकत्रित केली. २०१४ च्या आरंभी नगास ३१० रुपये असलेला खरेदीदर २०१६ मध्ये ४० रुपयांच्याही खाली आला. ग्राहकाला सरकारी अनुदान नव्हते. दिल्लीत प्रारंभी १३० रुपयांचा बल्ब १० रुपये भरून घरी नेता येई. उरलेले १२० रुपये बारा महिने दरमहा १० रुपयांप्रमाणे वीजबिलातून वसूल होत. देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब या योजनेखाली वितरित झाले.

यामागील हिशेब शाळेतील मुलांकडूनही करवून घेता येईल. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला, तर महिन्यास ९ युनिट वीज लागते; ९ वॅटच्या एलईडीस सव्वा ते दीड युनिट. युनिटचा दर ५ रुपये धरल्यास महिन्याची बचत सुमारे ३८ रुपये होते आणि हप्ता १० रुपयांचा. म्हणजे कर्ज फेडताना बिल वाढत नाही, उलट घटते. अनुदानापेक्षा ही रचना अधिक टिकाऊ, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तथापि १३० रुपयेही जड जाणारी घरे असतात. मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्राम उजाला’ कार्यक्रमात बल्ब केवळ १० रुपयांत देण्यात आला. उरलेला खर्च कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नातून भागवावयाचा होता. पहिल्या टप्प्यासाठी जाहीर झालेल्या ठिकाणांत नागपूरचाही समावेश होता. एका घरास जास्तीत जास्त पाच बल्ब आणि प्रत्येकाच्या बदल्यात चालू स्थितीतील जुना बल्ब जमा करण्याची अट होती. ही अट जाचक वाटेल. पण तिच्यावाचून जुना बल्ब गोठ्यात लागतो आणि बचत तेथेच संपते.

पंख्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी मोटरचा ३० ते ३५ वॅट. रोज बारा तास चालविल्यास महिन्यास सुमारे १५ युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकित लेबल सक्तीचे झाले, व त्याच वर्षी एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा राष्ट्रीय कार्यक्रमही जाहीर झाला. परंतु चांगल्या पंख्याची किंमत दोन-तीन हजारांच्या घरात जाते. तेव्हा १० रुपयांचा हप्ता पुरणार नाही. तो ७० रुपयांच्या आसपास ठेवला, तर बचतीतून फिटू शकेल. उन्हाळ्यापुरताच पंखा लावणाऱ्या घरास हा हिशेब लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बिलातून वसुलीचा लाभ मीटर स्वतःच्या नावावर असलेल्यासच सहज मिळतो. भाडेकरू, एकाच मीटरवर राहणारी विभक्त भावंडे आणि थकबाकीदार ग्राहक बाहेर राहतात. अशा कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीने वीज वितरण केंद्राच्या साहाय्याने आधीच तयार ठेवल्यास, नवी योजना येताच त्यांच्यासाठी रोखीच्या हप्त्यांची वेगळी सोय मागता येईल.