डोंगरउतारावरचे दगड वेचावेत का?

प्रश्न : आमच्याकडे डोंगरउतारावर चार एकर गवताळ पड आहे. जमीन काळी, चिकट, पण दगडांनी भरलेली. जेसीबीने दगड काढले तर गवत वाढेल का?
– एक पशुपालक, ता. पारनेर

उत्तर : घाई करू नका. दगड म्हणजे नापीक जमीन, हा समज इथे लागू पडत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट झिजून तुमची माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात हातभर दगड उलटून पाहा. त्याखाली बहुधा गवताच्या मुळांचं जाळं दिसेल. वरचे दगड पावसाच्या थेंबांचा मारा झेलतात, पाण्याचा वेग मोडतात आणि बाष्पीभवन रोखतात. ते सरसकट काढलेत तर दोन-चार जोरदार पावसांत माती ओढ्याला जाईल आणि उरेल मुरूम.

खरी अडचण बहुतेकदा चराईची असते. ओल्या चिकणमातीवर जनावरं फिरली की ती दबते, पाणी मुरत नाही. म्हणून पावसाळ्यात गवताचं बी पडेपर्यंत चराई बंद ठेवा. नंतर कापून घाला. विरळ जागी मारवेल किंवा पवना लावा. मोकळे दगड हवेत तर थोडेच उचला आणि समपातळीवर बुटके बांध रचा. उतारावर नांगर मात्र घालू नका. मातीची खोली जागोजागी बदलते, तेव्हा खर्चापूर्वी चार ठिकाणी खड्डे घेऊन पाहा आणि कृषी सहायकांना दाखवा.