बालविकासात संशोधन करायचंय, सुरुवात कुठून?

प्रश्न : मानसशास्त्रात एम. ए. झालंय. बालविकास आणि बालहक्क यांत संशोधन करून प्राध्यापक व्हायचं आहे. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी परवानगी काढून महिनाभर अंगणवाडीत बसा, वही घेऊन. चिंचोके मोजताना चार वर्षांची मुलगी ‘तीन’वर अडते, शेजारणीकडे बघते, मग पुढे जाते. ते अडणं टिपता आलं पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, पुढे बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. त्यांचं लेखन वाचाच.

सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. मानव विकास हा विषय नेटमध्ये गृहविज्ञानात येतो. तुम्ही मानसशास्त्रातूनच द्या.

विषय मात्र जपून निवडा. शिक्षणहक्क कायद्याची हमी ६ ते १४ वयाला आहे. भारताने १९९२मध्ये स्वीकारलेला बालहक्क करार अठराखालच्या प्रत्येक मुलाचा आहे. मग सहाखालच्या मुलांचं काय? मला हा प्रश्न सतत छळतो, आणि त्यावर मराठीत फार थोडं लिहिलं जातं. ऊसतोडीला जाणाऱ्या आईसोबत फडावर राहणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचा दिवस कसा जातो, इथून प्रबंध सुरू होऊ शकतो. मार्गदर्शक शोधताना त्यांनी स्वतः मुलांमध्ये किती काळ काढलाय, हे आवर्जून विचारा.