पडद्यावर चित्र का उमटत नाही?

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक शाळेत नळदुर्गचा किल्ला शिकवावयाचा आहे, असे समजू या. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल केवळ शब्दांनी मुलांच्या डोळ्यांपुढे उभा करणे अवघड आहे. चित्र दाखविले की तो तत्काळ उमगतो. शिक्षक लॅपटॉप उघडतात, प्रोजेक्टरची तार जोडतात, आणि पडद्यावर 'नो सिग्नल' एवढीच अक्षरे येतात. अर्धी तासिका खटपटीत जाते. असे दोन-तीनदा घडले की 'नादुरुस्त' असा शेरा पडतो व यंत्र कपाटात जाते.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात जिल्हा परिषदांच्या शाळांतून डिजिटल वर्ग उभे राहिले, आणि कित्येक गावांनी त्यासाठी लोकवर्गणीही दिली. गावाच्या पैशातून आलेले यंत्र निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी त्याची नीट परीक्षा झाली पाहिजे.

'नो सिग्नल' ही अक्षरे म्हणजे वस्तुतः प्रोजेक्टर जिवंत असल्याची ग्वाहीच होय. दिवा पेटला आहे, यंत्र चालू आहे. फक्त चित्र तेथवर पोहोचलेले नाही. तेव्हा दोष वाटेत शोधावयाचा. प्रोजेक्टरला अनेक खाचा असतात व तो एका वेळी एकाच खाचेकडे पाहतो. तार ज्या खाचेत आहे तिचे नाव 'सोर्स' हे बटण दाबून निवडावे. त्यानंतर लॅपटॉपकडे वळावे. विंडोज प्रणालीत विंडोजची कळ दाबून ठेवून 'पी' दाबले असता चार पर्याय दिसतात. त्यांपैकी 'डुप्लिकेट' निवडल्यास दोन्हीकडे एकच चित्र येते. 'एक्स्टेंड' निवडले गेले असेल, तर पडद्यावर नुसती पार्श्वभूमी दिसते आणि धडा लॅपटॉपवरच राहतो. अनेकांची फसगत येथेच होते.

एवढ्याने भागले नाही, तर तार तपासावी. जुनी व्हीजीए तार पंधरा टाचण्यांची असते. घाईने खुपसल्यास एखादी टाचणी वाकते. (पुष्कळ तारांत मधल्या ओळीतील एक टाचणी मुळातच नसते, ती तुटली असे समजू नये.) चित्र पिवळसर दिसत असेल, तर निळ्या रंगाचा संकेत पोहोचत नाही, असे प्रथम समजावे. अशा वेळी तारेची दोन्ही टोके काढून सरळ बसवावी व बाजूचे स्क्रू आवळावे. नव्या लॅपटॉपला बहुधा एचडीएमआय खाच असते, जुन्या प्रोजेक्टरला मात्र व्हीजीए. मध्ये लावावयाचा परिवर्तक एकाच दिशेने चालतो. तो विकत घेताना 'एचडीएमआयकडून व्हीजीएकडे' असे दुकानदाराला स्पष्ट सांगावे. उलटा आणल्यास पैसे वाया जातात.

'आउट ऑफ रेंज' अशी सूचना आल्यास लॅपटॉपच्या चित्राची सूक्ष्मता प्रोजेक्टरला झेपत नाही, असा अर्थ घ्यावा. ती १०२४ बाय ७६८ वर आणून पाहावी.

आवाजाचा प्रश्न निराळा आहे. व्हीजीए तारेतून आवाज जातच नाही. त्यासाठी लॅपटॉपला वेगळा ध्वनिवर्धक जोडावा लागतो. एचडीएमआय तार जोडताच याउलट आवाज प्रोजेक्टरकडे वळू शकतो व लॅपटॉप मुका होतो. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील ध्वनिचिन्हावर जाऊन हवे ते साधन निवडले की काम होते.

या सर्व तपासणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार, परिवर्तक आणि लॅपटॉप एकदम बदलले, तर चित्र आले तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि चांगली तार उगाच फेकली जाते. त्याच तारेवर दुसरा लॅपटॉप लावून चित्र आले, तर प्रोजेक्टर व तार दोन्ही निर्दोष ठरतात.

ग्रामीण भागात वीज मध्येच जाते. दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा त्यामुळे थांबतो व तापलेला दिवा तसाच राहतो. वीज येताच घाईने बटण दाबू नये. काही मिनिटे निवू द्यावे.

आणखी एक अडचण यंत्राची नाही. शाळेत हे सर्व जाणणारा शिक्षक बहुधा एकच असतो, आणि त्याची बदली झाली की प्रोजेक्टरही जणू त्याच्याबरोबर जातो. यासाठी कोणती तार कोणत्या खाचेत, 'सोर्स'मध्ये कोणते नाव, कोणत्या कळा दाबावयाच्या, एवढ्या चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहून प्रोजेक्टरजवळच्या भिंतीवर चिकटवाव्यात. परिवर्तक कपाटात न ठेवता तारेलाच दोऱ्याने बांधून ठेवावा.