जुनी पोर्शे विकत घेण्यापूर्वीं

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सांप्रत इंग्लंडांत नोकरीस आहे. गेल्या वर्षीं त्यानें आम्हांस पत्र लिहून विचारिलें कीं, दोन वर्षें पोटास चिमटा घेऊन जमविलेल्या पैशांतून जुनी पोर्शे बॉक्स्टर घ्यावी काय? मोटार २००३ सालची, रंग आरशासारखा चकचकीत, आणि इतक्या वर्षांत चाललेली अवघी ३१,००० मैल! त्याच आठवड्यांत त्याचे वडीलहि आमच्याकडे आले व म्हणाले, "मास्तरसाहेब, तुमचें तो ऐकतो. पैसे पाण्यांत घालूं नकोस, एवढें त्याला लिहा." एकाचा उत्साह व दुसऱ्याची धास्ती, या दोहोंसहि उत्तर देणें भाग पडलें. तेंच येथें थोड्या विस्तारानें देत आहों. पदार्थविज्ञानाच्या तासाला बसणाऱ्या मुलांस त्यांत रस वाटेल, अशी आशा आहे.

प्रथम हें इंजिन समजून घेऊं. जर्मनींतील स्टुटगार्ट येथील पोर्शे कारखान्यानें १९९६ सालीं बॉक्स्टर व १९९७ सालीं ९११ या आपल्या प्रख्यात गाडीची नवी आवृत्ति बाजारांत आणली. जाणकार तिला ९९६ म्हणतात. तोंपर्यंतच्या ९११ चें इंजिन वाऱ्यानें थंड होत असे. नव्या गाड्यांत तें काम पाण्याकडे सोंपविण्यांत आलें. सिलिंडर सहा, तीन एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस, आडवे निजविलेले. क्रँकशाफ्टची गति व्हाल्व उघडझांप करणाऱ्या कॅमशाफ्टांपर्यंत पोंचविण्यासाठीं मध्यें एक स्वतंत्र दांडा बसविलेला असून तो साखळीनें फिरतो व पुढें साखळ्यांनींच इतरांस फिरवितो. या मधल्या दांड्याच्या गिअरबॉक्सकडील टोंकास एक लहानसें बॉल बेअरिंग आहे. सारा घोळ तेथें आहे.

हें बेअरिंग आंत ग्रीस भरून दोन्हीं बाजूंनीं बंद केलेलें असतें. कल्पना अशी कीं, ग्रीस जन्मभर पुरावें. परंतु कालांतरानें बाजूचें रबर कडक होतें, इंजिनांतील तेल आंत झिरपतें, ग्रीस धुऊन जातें, आणि आंत शिरलेलें तें थोडेंसें तेल तेथेंच कोंडून जुनें होत राहतें. मग पोलादी गोळ्या झिजूं लागतात. एके दिवशीं बेअरिंग फुटतें, दांडा डळमळतो, साखळी दांते सोडते, आणि व्हाल्व व पिस्टन एकमेकांवर आदळतात. क्षणांत सारें इंजिन भंगाराच्या मोलाचें होतें. सगळ्याच गाड्यांत हें घडतें असें नव्हे. बहुसंख्य गाड्या सुखरूप चालल्या आहेत. तथापि तक्रारी इतक्या वाढल्या कीं, अमेरिकेंत मालकांनीं दावा लावला व २०१३ सालीं कंपनीशीं तडजोड झाली. ती ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळांत बनलेल्या गाड्यांपुरती होती, आणि तिचा लाभ घेण्याची मुदत केव्हांच सरली आहे.

म्हणून गाडीचें साल पाहावें. आरंभींच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचें बेअरिंग असे व तें तुलनेनें टिकाऊ ठरलें. २००० सालापासून एका रांगेचें आलें. तेंच सर्वांत नाजूक. २००५ च्या सुमारास मोठें बेअरिंग बसूं लागलें; तें पुष्कळ बळकट आहे, पण इंजिन पुरतें उकलल्याशिवाय बाहेर निघत नाहीं. २००९ च्या गाड्यांपासून नव्या इंजिनांत हा दांडाच उरला नाहीं. आमच्या विद्यार्थ्याची पसंती, दुर्दैवानें, नेमकी मधल्या काळांतली.

आतां त्या ३१,००० मैलांविषयीं. गाडी कमी चालली म्हणजे इंजिन कमी झिजलें, असा हिशेब आपण सारेच करतों. येथें तो उलटा बसतो. उभ्या राहिलेल्या गाडींत तेलांत ओल व आम्लें सांचतात, आणि वर्षांतून दोनचार वेळां फिरविलेल्या गाडीचें हें बेअरिंग रोज चालणाऱ्या गाडीपेक्षां अधिक धोक्यांत असतें. इंग्लंडांत तीन वर्षांहून जुन्या मोटारींची प्रतिवर्षीं सक्तीची तपासणी होते, व तींत नोंदलेले मैल गाडीच्या क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर कोणासहि फुकट पाहतां येतात. आम्हीं त्यास तें पाहण्यास लिहिलें. कांहीं वर्षीं ती गाडी वर्षाकाठीं चारशें मैलहि चालली नव्हती!

खरी साक्ष देते ती तेलाची गाळणी. ही कागदी घड्यांची असते. ती काढून कापावी, घड्या उलगडून उन्हांत धराव्या व त्यांवरून लोहचुंबक फिरवावा. चुंबकास चिकटणारे चकाकते कण पोलादाचे, म्हणजे बहुधा बेअरिंगचे; न चिकटणारे अल्युमिनियमचे; तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे दिसल्यास ते साखळीच्या पट्ट्यांचे. एकदोन बारीक कणांनीं घाबरूं नये, पण चमचम दिसली कीं नमस्कार करून निघावें. अशा इंजिनांत नवें बेअरिंग घालूनहि उपयोग नाहीं, कारण चुरा सर्वत्र पसरलेला असतो. बेअरिंग पूर्वींच बदललें आहे असें विक्रेता म्हणाल्यास पावती मागावी व तिच्यावर तारीख आणि मैल पाहावे. तेथें पोंचण्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून शहाणे मालक हें काम क्लच बदलतांनाच उरकतात.

दुसरा दोष सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा. तो विशेषतः ३.४ लिटर व त्याहून मोठ्या इंजिनांत आढळतो. तापलेल्या इंजिनाची टकटक, तेलाचा वाढता खप, आणि दोहों बाजूंच्या धूरनळ्यांपैकीं एकच अधिक काजळलेली, हीं त्याचीं लक्षणें. खात्री करावयाची तर बारीक कॅमेरा आंत घालून पाहावें लागतें. गाडी पाहण्यास सकाळींच जावें व इंजिन आधीं चालूं करूं नये असें बजावावें. थंड इंजिनानें सुरू होतांना क्षणभर धूर सोडला तर तो आडव्या सिलिंडरांचा स्वभावच आहे. दाट पांढरा धूर थांबेचना, तर मात्र तेल व हवा वेगळी करणारा भाग फुटला असावा. तो बदलतां येतो, किंमतींतून वजा करून घ्यावा.

विद्यार्थ्यानें नव्या तेलाचा व गाळणीचा खर्च आपण देतों म्हणून सांगितलें, तरी विक्रेता प्रथम तयार होईना. दुसऱ्या आठवड्यांत तो राजी झाला. गाळणी उलगडतांच चुंबकावर दाढीच्या खुंटासारखी बारीक लव उभी राहिली! त्या संध्याकाळीं त्यानें आम्हांस फक्त तिचें छायाचित्र पाठविलें; मजकूर कांहींच नव्हता.

पुढें तीन महिन्यांनीं त्यानें ८८,००० मैल चाललेली, बॉनेटवर खड्यांचे टवके उडालेली, परंतु दरवर्षींच्या तेलाच्या व बेअरिंग बदलल्याच्या पावत्या जपलेली दुसरी बॉक्स्टर घेतली. ती उत्तम चालते असें तो लिहितो. इतकी वापरलेली गाडी आम्हीं त्यास कां घेऊं दिली, म्हणून त्याचे वडील मात्र अद्यापि आमच्याशीं थोडे फटकूनच आहेत.