गहू वर्ज्य झाल्यावर

म्हैसूर शहराच्या उत्तर भागातील गोकुलम ही झाडांच्या सावलीतली, निवांत वसाहत. २००२ साली के. पट्टाभी जोइस यांची अष्टांग योगशाळा लक्ष्मीपुरमहून येथे आली आणि परदेशी साधकांचा राबता वाढला. त्यांच्यासाठी निघालेल्या उपाहारगृहांच्या पदार्थसूचीत ‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द दिसू लागला. बदलीच्या नोकरीमुळे येथे बिऱ्हाड थाटणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला हा शब्द प्रथम श्रीमंती चोचला वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु घरातील मुलाचे वजन वाढत नाही, रक्तातील लोह गोळ्या देऊनही चढत नाही, पोट सारखे बिघडते, अशा तक्रारींचा शोध घेता घेता एक दिवस डॉक्टर सांगतात की, गहू आता कायमचा बंद. मग तोच शब्द घराच्या स्वयंपाकाचा नियम होऊन बसतो.

अशा वेळी पहिली गोष्ट करावयाची ती म्हणजे आजाराचे नाव नेमके समजून घेणे. बोलण्याच्या ओघात आपण सर्वांनाच ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतो; वस्तुतः त्यात निरनिराळे विकार येतात. खरी गव्हाची ॲलर्जी म्हणजे गव्हातील प्रथिनांविरुद्ध शरीराने ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करणे. तिची लक्षणे सहसा मिनिटांत किंवा एखाद-दोन तासांत उमटतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास कोंडतो. सीलिॲक आजाराची तऱ्हा वेगळी. गहू, जव व राय यांतील ग्लूटेन नामक प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. हे वर्षानुवर्षे, गाजावाजा न करता चालते. तिसऱ्या गटातील माणसांना हे दोन्ही विकार नसतात, तरीही गहू खाल्ल्यावर त्रास होतो. तिन्हींचे पथ्य वरवर सारखे दिसले, तरी त्याची कडक मर्यादा, मुदत आणि धोका ही तिन्ही निराळी आहेत.

येथेच पुष्कळांची एक चूक होते. शेजारी किंवा नातेवाईक सुचवितात आणि तपासणीपूर्वीच घरातील गहू बंद होतो. मुलाला बरे वाटू लागते. मात्र सीलिॲकसाठी करावयाची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, अर्थात बायॉप्सी, या दोन्ही गोष्टी गहू आहारात असतानाच खऱ्या उत्तराची हमी देतात. गहू सोडल्यावर प्रतिपिंडे ओसरतात, आतडे भरून येऊ लागते आणि अहवाल निर्दोष निघू शकतो. मग आयुष्यभराचे पथ्य खरोखर हवे की नको, हा प्रश्न अधांतरी राहतो. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम उलटू देऊ नये. शेकडो पदार्थांची ‘असहिष्णुता’ एकाच नमुन्यातून सांगणाऱ्या ‘आयजीजी’ चाचण्यांची जाहिरातही हल्ली बरीच होते. तो पदार्थ पूर्वी खाण्यात आला होता, एवढेच बहुधा त्यांतून कळते. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी त्या वापरू नयेत असे स्पष्ट केले आहे. अशा अहवालावर विसंबून दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी एकदम बंद केल्या, तर वाढीच्या वयातील मूल कुपोषित होण्याचे भय अधिक.

ग्लूटेन आणि आतडे यांचा संबंध उलगडला तो एका डच बालरोगतज्ज्ञाच्या चिकाटीमुळे. विलेम डिके हेग येथील रुग्णालयात १९३० च्या दशकापासूनच अशा मुलांना गव्हावाचून ठेवून पाहत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीच्या दिवसांतही ही मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली, हे निरीक्षण त्यांच्या तर्काला बळ देणारे ठरले. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. योगायोग असा की, त्याच महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा बंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूममध्ये रव्याची इडली जन्माला आली, असे सांगितले जाते. एका टंचाईने गव्हाचा दोष दाखविला, तर दुसरीने गहू इडलीच्या पात्रात आणून बसविला. म्हैसुरात पथ्य सांभाळणाऱ्याने ही दुसरी गोष्ट विसरू नये. ‘इडलीच तर आहे’ असे म्हणून पुढे आलेली बशी रवा इडलीची असू शकते.

दक्षिणेत हा आजार कमी आढळतो, हे खरे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत सीलिॲकचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. जनुकीय प्रवृत्ती तिन्हीकडे फारशी निराळी नव्हती. गव्हाचे सेवन मात्र उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत सुमारे २५ ग्रॅम होते. मराठी कुटुंब म्हैसूरला येते ते आपला पोळी-भाजीचा डबा घेऊनच. तेव्हा ‘या भागात हा आजार नसतो’ या समजुतीने तपासणी लांबणीवर टाकू नये.

गोकुलमपासून थोड्याच अंतरावर, चेलुवांबा राजकन्येच्या जुन्या प्रासादात, १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था काम करीत आहे. गहू दळण्याचे शास्त्र शिकविणारी आंतरराष्ट्रीय शाळाही याच संस्थेत आहे. ग्लूटेनमुळेच कणकेला लवचिकपणा येतो, पोळी फुगते, पाव जाळीदार होतो. हा गुण ज्वारी, बाजरी वा नाचणीत नाही आणि आपल्या आजीला तो फरक रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होता. म्हणून तर ती भाकरीचे पीठ कढत पाण्यात मळीत असे आणि विरी गेलेले जुने पीठ बाजूला सारीत असे. कर्नाटकात हीच युक्ती नाचणीच्या मुद्देत आणि तांदळाच्या अक्की रोटीत दिसते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आतडे झिजल्यामुळे हाडे कमकुवत झालेल्या रुग्णास याचे मोल मोठे. परदेशी बनावटीच्या महागड्या ग्लूटेनमुक्त बिस्किटांवर महिन्याचा खर्च करण्यापूर्वी या धान्यांकडे वळावे. बेसनाचा म्हैसूर पाकही मूळ कृतीप्रमाणे केलेला असेल तर चालतो, ही सणासुदीची सोय.

अडचण येते ती दडलेल्या गव्हाची. बाजारातील बांधणी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो; म्हणजे चिमूटभर फोडणीने सांबार, पापड, लोणचे सारेच अपथ्य होते. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच. खपली गहू ‘हलका’ म्हणून सांगितला जातो. परंतु तोही गहूच, आणि त्यात ग्लूटेन आहे. मद्दूर वड्यात रवा व मैदा, रवा डोशात रवा, सोया सॉसमध्ये बहुधा गहू. ‘माल्ट’ या शब्दाने तर विशेष घोटाळा होतो. म्हैसुरात घरोघरी मिळणारे रागी माल्ट निव्वळ नाचणीचे असेल तर निर्धोक. डब्यातील माल्टयुक्त पेय मात्र जवाचे असते. सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे पिठाची गिरणी. आपल्या आधी कोणाचा गहू दळला गेला असेल, तर त्याचे पीठ आपल्या ज्वारीत मिसळणारच. शक्य असल्यास घरघंटी घ्यावी. परात, चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणेही वेगळे ठेवावे.

भारतात ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाही. लेबलविषयक २०२० च्या नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, सुकामेव्यातील कवचफळे व सोयाबीन यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. मात्र एक बारकावा ध्यानी घ्यावा. ग्लूटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च वापरूनही काही पदार्थ ग्लूटेनमुक्त ठरतात. सीलिॲकच्या रुग्णास ते चालू शकतील. गव्हाची ॲलर्जी असलेल्याने ते टाळलेले बरे.

ज्याला ही ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत प्रसंगावधान हे पथ्याइतकेच महत्त्वाचे. काही व्यक्तींना गहू एरवी सोसतो. परंतु खाल्ल्यावर काही तासांत व्यायाम केला तर प्राणावर बेतणारी प्रतिक्रिया येते. गोकुलममधील साधक पहाटे रिकाम्या पोटी आसने करतात. ही प्रथा या दृष्टीने सुरक्षितच म्हणावयाची. श्वास लागणे, आवाज बसणे, भोवळ येणे अशी चिन्हे दिसताच मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार होय. केवळ ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नये. रुग्णाला आडवे निजवावे; श्वास घेणे कठीण जात असेल तर टेकून बसू द्यावे, आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. आपल्याजवळ काय ठेवावे व ते कसे वापरावे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. शाळेत आणि कार्यालयातील एखाद्या सहकाऱ्यासही ते ठाऊक असावे.

घराबाहेरची परीक्षा बहुधा प्रेमापोटीच होते. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा. तो नाकारणे यजमानास अवमान वाटतो आणि ‘एका घासाने काय होते?’ हा प्रश्न येतो. सीलिॲकमध्ये एक घासही आतड्याला इजा करण्यास पुरेसा ठरतो, जरी त्या दिवशी पोट दुखले नाही तरी. पूजेपूर्वीच वहिनींच्या किंवा काकूंच्या कानावर घालून ठेवले, तर केळे वा नारळाचा तुकडा प्रसाद म्हणून हाती पडतो आणि कोणाचेच मन दुखावत नाही. उलट उपवासाच्या दिवशी मूल निर्धास्त जेवते. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नसतेच. फक्त सुट्या राजगिऱ्याच्या वा शिंगाड्याच्या पिठात गिरणीची भेसळ नाही ना, हे पाहावे. शेंगदाण्याचीही ॲलर्जी असेल, तर मात्र उपवासाची हीच थाळी धोक्याची, कारण दाण्याच्या कुटाशिवाय तिचे पान हलत नाही.

पथ्य सुरू झाल्यावर भूक आणि वजन बहुधा काही आठवड्यांत सुधारू लागते. आतडे भरून येण्यास मात्र महिने, प्रौढांत कधी वर्षेही लागतात. आरंभी दूधही पचेनासे होते. ते पुष्कळदा तात्पुरते असते. ओट्स सुरुवातीस टाळावेत, कारण त्यांत गहू-जवाची भेसळ सहज होते. सहा महिन्यांनी व वर्षाने प्रतिपिंडांची फेरतपासणी करावी; आकडा उतरत नसेल, तर कोठे तरी गहू दडला आहे असे समजून हिंगाच्या डबीपासून शोध सुरू करावा. सीलिॲक घराण्यात चालत येत असल्याने रुग्णाचे आई-वडील व सख्खी भावंडे यांनीही एकदा रक्त तपासून घ्यावे, आणि तो अहवाल हाती येईपर्यंत त्यांनी आपली पोळी सोडू नये.