जलरेषा आखताना: एक पत्र

चि. निनाद यास काकांचे अनेक आशीर्वाद.

बोट शांत पाण्यात नेहमीच्या वजनासह तरंगत असताना पाण्याचा पृष्ठभाग तिच्या अंगाला जिथे टेकतो, ती तिची जलरेषा होय. ही रेषा पाण्याने ठरवलेली असते, रंगाऱ्याने नव्हे. म्हणून लहान शिडाच्या बोटीवर ती आखणाऱ्याने बोटीच्या वळणदार अंगावरून टेपने मापे घेत न जाता प्रत्येक खूण आडव्या पातळीशी ताडून पाहावी, हा या कामातला मुख्य नियम आहे. रेषेखाली तांब्याची संयुगे असलेला शेवाळरोधक रंग लागतो आणि वर साधा चकचकीत रंग. रेषा खाली राहिली तर मुंबईच्या कोमट खाऱ्या पाण्यात वरच्या रंगावर शेवाळ व बार्नेकल धरतात, आणि ती तिरकी गेली तर सरळ तरंगणारी बोटही कललेली दिसते.

पहिल्या खुणा बोट पाण्यात असतानाच कराव्यात. पावसाळ्यासाठी ती किनाऱ्यावर ओढण्याआधी, वारा पडलेल्या सकाळी, नांगर, साखळी, पिण्याचे पाणी आणि माणसे आपापल्या जागी असताना दुसऱ्याने छोट्या होडीतून नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि मागच्या फळीच्या दोन्ही कडांजवळ पाणी कुठे टेकते ते टिपावे, व त्या खुणांची वरच्या काठापासूनची उभी अंतरे वहीत लिहून ठेवावीत. वजनाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण पाण्याच्या पातळीवर बोटीचा छेद 8 चौरस मीटरचा असेल, तर समुद्रात ती 1 सेंटीमीटर बुडायला सुमारे 82 किलो वजन पुरते. त्यामानाने पाण्याच्या खारेपणाचा फरक किरकोळ आहे: 1600 किलोची अशी बोट खडकवासल्याच्या गोड्या पाण्यातून समुद्रात आणली, तर ती जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर येते.

किनाऱ्यावर बोट टेकूंवर घेतल्यावर डेक सपाट दिसतो की नाही हे पाहू नये. पाण्यात केलेल्या तिन्ही खुणा एकाच पातळीत येईपर्यंत पाचरी ठोकाव्यात, म्हणजे बोट जशी तरंगते तशीच जमिनीवर उभी राहते. पुढच्या कामाला गवंड्याची पाण्याची नळी उत्तम. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून सगळे बुडबुडे काढावेत, एक टोक नाळेवरच्या खुणेशी धरावे आणि दुसरे बोटीच्या अंगावर फिरवावे. दोन्ही तोंडे उघडी असली की पाणी आपोआप सारख्या उंचीवर येते, मात्र ते डुलायचे थांबेपर्यंत खूण करण्याची घाई करू नये. खुणा वीसेक सेंटीमीटरवर आणि टोकांकडे, जिथे वळण वाढते तिथे, त्याहून जवळ असाव्यात.

लाटांनी भिजणाऱ्या पट्ट्यातही शेवाळ धरते, म्हणून रंगाची रेषा प्रत्यक्ष जलरेषेच्या 3 ते 5 सेंटीमीटर वर घेण्याची पद्धत आहे. इथेच बहुतेकांची चूक होते, कारण ही वाढ टेप अंगावर टेकवून मोजली जाते. मागच्या बाजूला बोटीचे अंग आत झुकून पाण्याशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर 5 सेंटीमीटरची उभी उंची तिथे अंगावर 10 सेंटीमीटर भरते, आणि हे न ओळखता सगळीकडे 5 सेंटीमीटरच मोजले तर रेषा मागे खाली उतरते. तेव्हा नळीचे टोक ठरलेल्या उंचीने वर घेऊन संपूर्ण फेरी पुन्हा करावी. वरच्या शोभेच्या पट्ट्यालाही हाच नियम लागू आहे. मागे तो रुंद भरला तरी लांबून पाहणाऱ्याला सारखाच दिसतो.

मास्किंग टेप लांब ताणून खुणांवरून सलग न्यावी आणि टोकाशी डोळा लावून पाहावे. एखादीच खूण बाहेर पडली तर टेप तिच्यामागे वळवू नये, ती खूण पुन्हा मोजावी. रंगाची बाजू नखाने घट्ट दाबून बसवावी, आणि रंग पुरता कडक होण्याआधी टेप मागे दुमडत सावकाश ओढून काढावी. बोट लाकडी असेल तर रेषेवर बारीक खाच कोरून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी घासकामात रेषा हरवत नाही.

इतकी मेहनत केवळ देखणेपणासाठी नाही. बिनचूक रेषा मोसमभर बोटीची प्रकृती सांगते: नाळेकडे पाणी चढले तर पुढे ओझे वाढले आहे, एका बाजूला चढले तर सामान सरकले आहे, आणि सगळीकडे सारखे चढले असून सामान नेहमीचेच असेल, तर बोटीत पाणी शिरत आहे. म्हणून बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी निनादने रेषेकडे नजर टाकावी, आणि ती बुडालेली दिसली तर कारण सापडेपर्यंत शीड उभारू नये.

कळावे, हे आशीर्वाद.